चिठ्ठी हातात पडल्याशिवाय जागेवरून हलू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की वहिनी जव्हारकडची, वारली समाजाची, आता ऐरोलीत, सातवा महिना चालू. सिस्टर तिच्या बोलण्याला हसल्या आणि तेव्हापासून ती तपासणीला जायला तयार नाही. वाचून पोटात कालवलं. मी येऊरच्या पाड्यातली, वारलीच. पहिल्या खेपेला मीही अशीच गप्प झाले होते.

नाव नोंदणी, सोनोग्राफी तुम्हाला माहीत असेलच. मला सगळ्यात महाग काय पडलं तेवढं सांगते.

कळा सुरू झाल्यावर एका दवाखान्यात गेलो, नाव लिहीत नाही. तपासून सिस्टर म्हणाल्या, "बीपी वाढलंय, मोठ्या दवाखान्यात न्या." मी "हो" म्हणून उठले. तिकडे पाठवल्याची चिठ्ठी मागितली नाही, तपासणीचं कार्डही त्यांच्याच टेबलावर राहिलं. नवरा रिक्षा शोधतोय, मी पायरीवर. पुढच्या ठिकाणी पहिला प्रश्न, "कागद कुठंय?" बीपी किती होतं, औषध काय दिलं, आम्हाला सांगता येईना. सगळं पहिल्यापासून तपासलं. आत्याने मनगटाला बांधलेला काळा दोरा सिस्टरने न विचारता कापून बादलीत टाकला. आत्याने पाड्यात कितीतरी बायकांची बाळंतपणं केलीत, पण तिला दाराबाहेर उभं केलं. "तुम्हा लोकांना काही कळत नाही," हे वर. अजून आठवलं की डोळे भरतात.

म्हणून दुसरीकडे पाठवलं तर कारण, बीपी, दिलेलं औषध लिहून घ्याच. गाडीही मागा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त मोफत, आणि दुसऱ्या दवाखान्यात नेणारी गाडीसुद्धा. बाळंतपणाच्या वेळी सोबतीला बाई ठेवायची मुभा केंद्राने २०१६ मध्ये दिली आहे. त्या सोबतीच्या बाईचं स्वतःचं बाळंतपण झालेलं हवं. गर्दी असली की नाही म्हणतात, म्हणून आधीच विचारून ठेवा.

"मग घरीच करा" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, माझं स्पष्ट मत. रात्री बीपी चढलं तर सुईण काय करणार? आणि हो, लोहाच्या गोळ्या चहाबरोबर नकोत.

मी डॉक्टर नाही. पण डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा सुजला तर तारखेची वाट न बघता १०८ लावा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर मोफत तपासतात. वहिनी तयार असेल तर येत्या ९ला मी येते सोबत. तिच्याशी वारलीत बोलेन.