खुब्याच्या ऑपरेशनात सिमेंट वापरलं नाही, नुसतं 'कोटिंगवालं' इम्प्लांट टाकलं, मग हाड धातूला धरतं कसं?

भाऊ, धुळ्यात तुमच्या आजीला टाकलंय ते कोटिंग बहुतेक हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचं असणार, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट, हाडातलं खनिज पण जवळपास तेच, म्हणून हाडाच्या पेशी त्याला परकं मानत नाहीत न सरळ त्याच्यावरच नवीन हाड बनवायला लागतात. टायटॅनियमवर प्लाझ्मा स्प्रेने, म्हणजे अतिशय तापलेल्या वायूच्या झोताने फवारून मारतात, थर जेमतेम 50 ते 150 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). खालचा धातू पण मुद्दाम खडबडीत ठेवतात, टाचे मारल्याशिवाय भिंतीवर प्लास्टर टिकतं का? पण खरी गोष्ट वेगळीच, सुरुवातीला इम्प्लांट घट्ट बसलेलं पाहिजे, साधारण 150 मायक्रॉनच्या वर हलत राहिलं तर हाडाऐवजी नुसता तंतुमय पडदा धरतो न ते ढिलं पडतं, म्हणून डॉक्टर सांगतील तेवढंच वजन टाकू द्या, शेतात चक्कर नंतर.