कॉजवेवरचा पूल दिसत का नाही?

प्रश्न : मी विरारहून रोज लोकलने दादरला जाते. मागच्या रविवारी मेगाब्लॉक म्हणून वांद्र्याला उतरून बस पकडली. शेजारच्या आजी म्हणाल्या, हा माहीमचा पूल एका पारशी बाईने माउंट मेरीला नवस बोलून बांधला. मला तर पूल दिसलाच नाही, नुसता रस्ता! आजींचं खरं का? – एक वाचक, विरार

उत्तर : ताई, आजींचं बरंचसं खरं आहे, फक्त नवसाचं मी छातीठोकपणे सांगणार नाही, ती गोष्ट वांद्र्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात आणि पारशी बाईने मेरीमातेला नवस बोलणं यात मुंबईत कुणाला काही वावगं वाटत नाही, एवढंच.

पैशाचं मात्र पक्कं. माहीम हे मुंबईच्या बेटांपैकी एक आणि वांद्रे साष्टी बेटावर, मध्ये खाडी. होडीशिवाय सोय नाही, पावसाळ्यात होड्या उलटून माणसं जायची. पूल हवा म्हणून ओरड होती पण कंपनी सरकारने पैशापुढे हात वर केले. मग पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी 1,57,000 रुपये दिले, 1843 मध्ये काम सुरू झालं आणि 1845 मध्ये रस्ता, म्हणजे हाच माहीमचा कॉजवे, खुला. नवऱ्याला 1842 मध्ये 'सर' किताब मिळालेला म्हणून या 'लेडी' जमशेटजी, आणि माहीमचा एल. जे. रोड म्हणजे यांचाच रोड, आपण एल. जे. एल. जे. करत बाईंचं नावच विसरलो.

मला यातली सगळ्यात भारी वाटते ती बाईंची अट : या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. त्याआधी 1805 मध्ये झालेल्या शीवच्या कॉजवेवर टोल होता बरं का, म्हणजे बाईंना टोल काय असतो ते चांगलं ठाऊक असणार. आज त्याच वांद्र्याहून सी लिंकने वरळीला जायचं तर टोल भरा, आणि कॉजवेवरून जा फुकट, ट्रॅफिकमध्ये अडकून का होईना.

आता पूल का दिसत नाही? कारण कॉजवे म्हणजे मुळात भराव. उथळ खाडीत दोन्ही बाजूंनी दगडमातीचा बांध घालत आणायचा आणि मध्ये भरती-ओहोटीचं पाणी ये-जा करायला तेवढा पूल ठेवायचा. बसमधून तो तुकडा कधी आला कधी गेला कळतच नाही. मिठी नदीचं पाणी इथूनच समुद्रात जातं, वर मुसळधार पाऊस आणि खाली भरती असली की तुंबतं, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मिठीकाठी काय झालं ते तुम्हाला सांगायला नको.

पुढच्या वेळी वांद्र्याहून येताना उजवी खिडकी धरा, ओहोटी असेल तर काळ्या चिखलात कललेल्या कोळ्यांच्या होड्या, चिखलात चोच खुपसणारे बगळे आणि मागे सी लिंकच्या तारा असं सगळं एकदम दिसेल. आणि डावीकडे तुमचाच रोजचा रेल्वेचा पूल, जिथे लोकलमध्ये झोपलेला माणूससुद्धा वासाने जागा होतो आणि म्हणतो, माहीम आलं वाटतं.