चेहऱ्याचे ठोकळे आणि तुमचे बाकीचे प्रश्न

प्रश्न : मुलगी ऑस्ट्रेलियात असते. व्हिडिओ कॉलवर आवाज नीट येतो पण चेहऱ्याचे ठोकळे होतात. नवीन फोन घेऊ का?

अहो काकू, थांबा, आधी मागचा पंखा बंद करून बघा. अ‍ॅप दर वेळी अख्खं चित्र पाठवतच नाही, आधीच्या फ्रेमपेक्षा जेवढं हललंय साधारण तेवढंच पाठवतं, आणि तुमच्या मागे पंखा फिरतोय, पडदा उडतोय, नातू सोफ्यावर नाचतोय म्हटल्यावर डेटा सगळा तिकडेच जातो. नेट कमी पडलं की आधी चित्राचा बळी जातो, आवाज शक्यतो सोडत नाहीत कारण त्याला त्या मानाने चिमूटभरच डेटा लागतो. बरोबरच आहे म्हणा, मुका चेहरा बघून करायचंय काय! साध्या भिंतीला पाठ करून राउटरजवळ बसा, उजेड तोंडावर येऊ द्या. अंधारात चित्रात मुंग्या येतात ना, त्या पण डेटा खातात.

प्रश्न : हे सगळं लॉकडाउनपासूनच आलं ना?

छे हो. अमेरिकेत एटी अँड टीने १९६४ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड फेअरमध्ये पिक्चरफोन, म्हणजे समोरच्याचा चेहरा दिसणारा फोन, दाखवला होता, आणि १९७० ला पिट्सबर्गमध्ये सर्व्हिसच चालू केली, महिन्याला १६० डॉलर! आपटला. महाग तर होताच, पण समोरच्याकडेही तसाच डबा हवा, तो कुणाकडे होता? आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला, तोवर डबा बऱ्याच जणांच्या खिशात होता. (स्काइप त्याच्याही आधीचं, २००३ चं. मे २०२५ मध्ये बंद झालं, मला जरा वाईटच वाटलं.)

प्रश्न : पुढे काय येणार? समोरचा माणूस खोलीत बसल्यासारखा दिसेल म्हणतात.

दिसतो की, गुगलच्या बीम नावाच्या व्हिडिओ कॉल यंत्रणेत गॉगल न लावता थ्रीडी दिसतो, पण त्यासाठी लागणाऱ्या एचपीच्या मशीनची किंमत जवळपास २५ हजार डॉलर, म्हणजे परत पिक्चरफोनचीच गोष्ट. मला काळजी वेगळीच आहे. २०२४ मध्ये हाँगकाँगची एक केस बाहेर आली, व्हिडिओ मीटिंगमध्ये साहेब आणि सहकारी सगळे डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले खोटे चेहरे, होते, कर्मचाऱ्याने २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. आपल्याकडे तर एवढंही लागत नाही, खाकी शर्ट आणि मागे पोलीस स्टेशनचा देखावा, झालं. व्हिडिओ कॉलवरच अटक केली म्हणून घाबरवतात आणि पैसे उकळतात, पण डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नाहीये, फोन कट करा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. आणि काकू, उद्या लेकीचाच चेहरा स्क्रीनवर घाईघाईत पैसे मागायला लागला, तर तो कॉल ठेवून तिच्या रोजच्या नंबरवर तुम्हीच फोन लावा.