कंप्रेसर मागवण्याआधी साबणाचे पाणी फवारून पाहा

नमस्कार. एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी बलूनवर तोललेली, आपली गाडी रात्री सरळ उभी केली तरी सकाळी पुढच्या डाव्या चाकावर बसलेली आढळते, सुरू केल्यावर बलूनमध्ये हवा भरणारा कंप्रेसर बराच वेळ घुमत राहतो आणि आता तर तो बंदच पडला आहे, हे आपले वर्णन वाचून माझ्याच जुन्या एसयूव्हीची हकीकत दुसऱ्या कोणी लिहिली आहे असे वाटले. बाहेरचा, म्हणजे गाडीच्या कंपनीकडून न घेतलेला, कंप्रेसर बसवावा का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर 'अवश्य बसवावा' असेच आहे, मात्र तो आज मागवू नका. मी व्यावसायिक मेकॅनिक नाही. जे लिहितो ते एका गाडीवर दोनदा पैसे घालवून शिकलेले आहे.

सर्व्हिस सेंटरने मला १,१०,००० रुपये सांगितले होते आणि बाहेरचा कंप्रेसर ३६,००० रुपयांना मिळत होता. या फरकाच्या आनंदात, मूळचा कंप्रेसर कशामुळे गेला हा प्रश्न मी कोणालाच विचारला नाही. पुढचा डावा बलून जिथे दुमडतो, तिथे केसाएवढी चीर होती. हवा रात्रभर झिरपत असे आणि थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला कंप्रेसर ती भरून काढता काढता तापत असे. शिवाय या यंत्रणेत गाडी खाली येताना हवा ड्रायरमधून (हवेतला ओलावा शोषणाऱ्या डबीतून) उलटी बाहेर पडते व त्यातील सिलिका जेल सुकवते; हवा चिरेतूनच निघून गेली तर जेल ओलेच राहते आणि ओलावा पुढे वॉल्व्ह ब्लॉकपर्यंत, म्हणजे एकेका बलूनकडे हवा वळवणाऱ्या झडपांपर्यंत, जातो.

पण माझी खरी घोडचूक रिलेची, म्हणजे कंप्रेसरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचची. काही शे रुपयांचा तो जुना रिले मी तसाच ठेवला. पाचव्या महिन्यात त्याचे संपर्कबिंदू वितळून एकमेकांना चिकटले आणि एका रविवारी रात्री सोसायटीच्या वॉचमनने वर येऊन सांगितले, "साहेब, गाडी बंद आहे, पण खालून आवाज येतोय." मी खाली पोहोचेपर्यंत नवा कंप्रेसर जळाला होता.

वॉरंटीचा अनुभव तर विचारूच नका. विक्रेत्याला अधिकृत कार्यशाळेचा अहवाल हवा होता. कार्यशाळेचे म्हणणे असे की बाहेरचा भाग बसवलेल्या गाडीला आम्ही स्कॅनरही लावणार नाही, आणि हा नकारसुद्धा लेखी मिळणार नाही. तीन फेऱ्या, दोन अर्ध्या रजा आणि काउंटरवर दर वेळी नवा चेहरा. म्हणून विकत घेण्यापूर्वीच वॉरंटीसाठी कोणाचा कागद चालेल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

आपल्या बाबतीत बलून, नळ्यांचे सांधे आणि वॉल्व्ह ब्लॉक यांवर साबणाचे पाणी फवारा; बुडबुडे येतील तिथून हवा गळते. कंप्रेसर बंद असल्यामुळे गाडीत हवा उरली नसेल, तर गॅरेजमध्ये बाहेरून हवा भरून घ्यावी लागेल. गाडी वर आणि खाली अशा दोन्ही उंचींवर तपासा, कारण उंची बदलली की घडीची जागा बदलते आणि लपलेली चीर उघडी पडते. केवळ हवेवर तोललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका. स्टँड लावल्याशिवाय हातसुद्धा घालू नये.

जुन्या कंप्रेसरच्या नळीतून पांढरी भुकटी निघाली, तर ती ड्रायरमधील जेलची आहे असे समजा आणि वॉल्व्ह ब्लॉक साफ करून घ्या. रबरी माउंट नवे घ्या, नाहीतर घरघर केबिनपर्यंत ऐकू येते. अनेक गाड्यांचे मूळ कंप्रेसर वॅब्को किंवा एएमके या उत्पादकांचेच असतात, त्यामुळे गाडीच्या बोधचिन्हाविना तोच माल मिळतो का, हे आधी पाहावे. पुण्यात नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत विचारायला हरकत नाही, पण जुन्या कंप्रेसरवरचा भाग क्रमांक जुळल्याशिवाय पैसे देऊ नका. नुसता कंप्रेसर बदलला असेल, तर उंचीच्या कॅलिब्रेशनची (गाडीची योग्य उंची यंत्रणेत पुन्हा ठरवून देण्याची) सहसा गरज पडत नाही. बिलात ते दिसले तर कारण विचारा.

जाता जाता आणखी एक. पावसाळ्यानंतर आपल्याकडे काही धुलाई केंद्रांवर गाडीच्या तळाला डिझेल किंवा जुने ऑइल मारतात. बलूनच्या रबराला ते घातक आहे, तेव्हा तेथे स्वतः उभे राहून नको म्हणून सांगा. साबणाचे बुडबुडे नेमके कुठे दिसले ते कळवलेत, तर बलून बदलावा की नुसता सांधा, याबद्दल माझे मत सांगेन.