पोपटाचा मेंदू आणि तुमचे प्रश्न

सांगलीत पक्षी तपासतो. तेच ते प्रश्न फिरून फिरून येतायत म्हणून इथं एकदाच उत्तरं देतो.

प्र. एवढ्याशा मेंदूत अक्कल कुठनं येणार? (मिरज)

आकारावर जाऊ नका. मकाव या मोठ्या पोपटाचा मेंदू अक्रोडाएवढा, मकाक माकडाचा लिंबाएवढा, तरी पुढच्या मेंदूतल्या पेशी मकावच्या जास्त भरल्या, 2016 मध्ये मोजून झालंय. पक्ष्याच्या पेशी बारीक आणि दाटीनं बसलेल्या असतात.

प्र. कावळा विचार करतो की नुसती सवय? (तासगाव)

करतो. जर्मनीत ट्युबिंगेनला कावळ्यांना 'सारखं चित्र निवड' आणि 'वेगळं निवड' असे नियम शिकवले तर मेंदूतल्या काही पेशी चित्र कुठलंही असो, नियमाप्रमाणंच पेटत होत्या.

प्र. पोपटाला बोलायचं टॉनिक द्यावं का? (विटा)

नाही. बोलणं ऐकून येतं, बाटलीतनं नाही. दिलं असेल तर बाटली घेऊन डॉक्टरकडं जा.

प्र. आफ्रिकन ग्रे पोपट छातीची पिसं उपटतोय, दुकानदार म्हणतो पिसं झडायचा सीझन आहे, दोन महिने झाले. (कराड)

दोन महिने! पिसं झडताना पक्षी कातडी उघडी पाडत नाही हो. परवा असाच एक आला, गळ्याखाली कोंबडी सोलल्यासारखी गुलाबी कातडी, डोक्यावरची पिसं मात्र शाबूत, कारण तिथं चोच पोचत नाही, आणि पिंजऱ्यात एक दांडी, एक वाटी, बास. अहो, अ‍ॅलेक्स नावाचा प्रसिद्ध पोपट याच जातीचा होता. अमेरिकेतल्या संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी त्याला 30 वर्षं शिकवलं, दोन वस्तूंत सारखं काय विचारलं की रंग, आकार की कशाची बनलीय ते सांगायचा, आणि काहीच सारखं नसलं तर तसंही सांगायचा. असलं डोकं दिवसभर भिंतीकडं बघत बसवलं तर ते स्वतःलाच कुरतडणार. कागदात दाणे गुंडाळून द्या, सोलायला कणीस द्या, रोज तासभर बाहेर काढून बोला. पण नुसता कंटाळाच आहे असं घरी बसून ठरवू नका, लिव्हर, इन्फेक्शन, गॅल्वनाइज्ड जाळीतलं झिंक, काहीही असू शकतं, रक्त तपासावंच लागतं. दुकानदार डॉक्टर नाही. या आठवड्यात दाखवा.

प्र. ढोलीतनं पोपटाचं पिल्लू काढून पाळलं तर? (वाई)

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. काढलं असेल तर वनविभागाला कळवा.

प्र. लव्हबर्ड कालपासनं फुगून खाली बसलाय, सोमवारी आणू का? (सातारा)

पक्षी आजार लपवतो, दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आत्ता जवळच्या डॉक्टरकडं न्या.