खाडीच्या पाण्यात तणनाशक उन्हाने लवकर संपते का?

प्रश्न : आमची भातशेती खारभूमीत आहे. खाचरांतले पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, खाडीत जाते. खाऱ्या पाण्यात ऊन लागले की तणनाशक लवकर नाहीसे होते, असे गावात सर्रास म्हटले जाते. यात कितपत तथ्य आहे?
— एक वाचक, पेण तालुका

उत्तर : मीठ स्वतः तणनाशक तोडत नाही, ते उन्हाच्या कामात ढवळाढवळ करते, आणि ही ढवळाढवळ पुष्कळदा तणनाशकाच्याच पथ्यावर पडते.

उसात वापरले जाणारे मेट्रिब्युझिन सूर्यप्रकाश स्वतः शोषून घेते आणि तुटते. मीठ त्या किरणांना अडवत नाही, त्यामुळे अशा तणनाशकाला पाणी गोडे की खारे याने फारसा फरक पडत नाही. अ‍ॅट्राझिन आणि टू-फोर-डी यांची गोष्ट वेगळी आहे. जमिनीपर्यंत पोहोचणारा, म्हणजे साधारण 290 नॅनोमीटरहून लांब लहरींचा प्रकाश ती फारच थोडा शोषतात. त्यांना मध्यस्थ लागतो, आणि पाण्यातील नायट्रेटवर किंवा कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या विरघळलेल्या अंशावर ऊन पडून तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक (क्षणभरच टिकणारा, भेटेल त्या रेणूवर तुटून पडणारा कण) हा त्यांतला सर्वांत जहाल मध्यस्थ होय.

खारे पाणी नेमके या मूलकालाच गाठते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड 19 ग्रॅम, तर ब्रोमाइड जेमतेम 67 मिलिग्रॅम. तरीही खरा चोर ब्रोमाइडच आहे. क्लोराइडने पकडलेले मूलक उदासीन पाण्यात बहुधा लगेच मोकळे होते, पण ब्रोमाइडने पकडलेले सुटत नाही. म्हणून समुद्राच्या पाण्यात तयार होणाऱ्या हायड्रॉक्सिल मूलकांपैकी बहुतेक सगळी तणनाशकापर्यंत पोहोचण्याआधीच खर्ची पडतात. त्यांच्या जागी जी ब्रोमीनची मूलके येतात ती निवडक असतात : फिनॉल किंवा अ‍ॅनिलीन वर्गातील रेणूंवर ती चटकन तुटून पडतात, अ‍ॅट्राझिनसारख्याच्या वाटेला मात्र फारशी जात नाहीत.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. बादलीत घरचे मीठ कालवून केलेले पाणी म्हणजे खाडीचे पाणी नव्हे. तुमच्या भागातील मिठागरांत मीठ ओढून घेतल्यावर कोंडीत जे कडू पाणी उरते, बहुतांश ब्रोमाइड त्यातच राहते. त्यामुळे अशा बादलीतल्या प्रयोगात खरा चोर जवळजवळ गैरहजरच असतो. शिवाय साधी काच तणनाशक तोडणारे बरेचसे अतिनील किरण अडवते, तेव्हा बाटली उन्हात ठेवून काढलेला निष्कर्षही फसवा ठरतो.

तणनाशक नाहीसे झाले म्हणजे धोका टळला, असेही समजू नये. फ्रान्समधील र्‍होन नदीच्या मुखाशी, भातशेतीचे पाणी जेथे खाऱ्या पाणथळीत उतरते तेथे, एमसीपीए हे टू-फोर-डीचे भावंड तुटून क्लोरीनयुक्त फिनॉल बनते आणि पुढे उन्हात त्यालाच नायट्रो गट (नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा जोड) चिकटतो, असे संशोधकांना आढळले आहे. मूळ औषध मोजणाऱ्या तपासणीत हे नवे रेणू दिसतच नाहीत.

तुमच्या खाडीपुरते पाहिले, तर मला मिठापेक्षा हंगामाची अधिक काळजी वाटते. तणनाशक पडते ते आषाढात, आभाळ भरलेले असताना. तेव्हा खाडी गढूळ असते, पुराच्या पाण्याने अर्धीअधिक गोडी झालेली असते, आणि ऊन त्या पाण्यात वीतभरही नीट उतरत नाही. गोडे पाणी खाऱ्याला मिळते तेथे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. त्याने पाणी निवळते खरे, परंतु कणांना धरून जे तणनाशक चिखलात गेले त्याला पुन्हा प्रकाश दिसत नाही. म्हणून खाडी ते संपवील या भरवशावर न राहता, वेष्टनावर सांगितलेले दिवस पाणी खाचरातच अडवून ठेवावे, आणि मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर फवारणी पुढे ढकलावी.