१९८२ च्या पॅराट्रूपरचा डीपीएम गणवेश रंगवताना

आपण १९८२ च्या फॉकलंड युद्धातील ब्रिटिश पॅराट्रूपरच्या, म्हणजे छत्रीधारी सैनिकाच्या, १/३५ प्रमाणातील चार फिगर (छोट्या प्रतिकृती) रंगवायला घेतल्या आहेत. तीनदा प्रयत्न करूनही गणवेशावरील कॅमोफ्लाज "गायीच्या अंगावरील डागांसारखे" दिसते, अशी आपली तक्रार आहे. सोबतचे छायाचित्र मी मोठे करून पाहिले. रंगांची निवड ठीक आहे. आकारांचे माप आणि त्यांच्या कडा मात्र चुकल्या आहेत.

आधी मापाचे पाहू. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस या प्रमाणात पाच सेंटीमीटरचा होतो. म्हणजेच खऱ्या कापडावरचा सात सेंटीमीटर रुंदीचा पट्टा फिगरवर जेमतेम दोन मिलिमीटर भरतो. आपल्या फिगरच्या छातीवरचे तपकिरी डाग पाच-सहा मिलिमीटरचे आहेत. खऱ्या सैनिकाच्या अंगावर ते ताटाएवढे झाले असते. दुसरी गोष्ट कडांची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पॅराट्रूपर जो डेनिसन स्मॉक, म्हणजे सैलसर जॅकेट, वापरत, त्याचे सुरुवातीचे कापड मोठ्या कुंचल्यांनी हाताने रंगवलेले असे. १९६० च्या दशकात आलेल्या डीपीएम, म्हणजे डिसरप्टिव्ह पॅटर्न मटेरियल, या छापील कापडावरही सुकत आलेल्या कुंचल्याने ओढल्यासारख्या फाटलेल्या कडा आणि त्यांच्या आसपास विखुरलेले ठिपके दिसतात. गोल, गुळगुळीत कडेचा डाग या नक्षीत जवळजवळ कुठेच नसतो, आणि डोळ्याला खटकते ते नेमके हेच.

माझा क्रम असा आहे. संपूर्ण गणवेशाला हिरवट झाक असलेला वाळूरंग द्यावा. त्यावर मध्यम हिरव्याचे वेडेवाकडे, एकमेकांना मध्येच जोडले जाणारे पट्टे काढावेत, मग गडद तपकिरी, आणि सर्वांत शेवटी काळा. काळा रंग सुकलेल्या काटक्यांसारखा, अरुंद आणि फांद्या फुटलेला असावा. शुद्ध काळा वापरू नये. या मापावर तो भोकासारखा दिसतो, म्हणून त्यात थोडा तपकिरी किंवा राखाडी मिसळावा. वाळूरंग साधारण चौथा हिस्सा शिल्लक राहील, इतक्या बेताने पुढचे रंग द्यावेत. हे झाल्यावर पुन्हा वाळूरंगाकडे यावे आणि कुंचल्याच्या टोकाने हिरव्या-तपकिरी पट्ट्यांच्या कडा ठिकठिकाणी कुरतडाव्यात. नक्षीत जीव येतो तो या परतीच्या फेरीत, आणि बहुतेक जण कंटाळून नेमकी हीच फेरी गाळतात. रंग दुधाइतका पातळ हवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात अ‍ॅक्रिलिक रंग कुंचल्यावरच वाळू लागतो. त्यावर उपाय म्हणून पसरट डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर बटर पेपर अंथरावा, रंग बराच वेळ ओला राहतो.

यापुढचा मुद्दा मला रंगांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो, आणि तो शिंप्याकडून शिकण्यासारखा आहे. गणवेश हा छापील कापडाच्या अनेक तुकड्यांपासून शिवलेला असतो आणि शिवताना नक्षी जुळवण्याच्या फंदात कोणी पडत नाही. त्यामुळे खिशाच्या झाकणाशी, खांद्याच्या शिवणीशी आणि बाहीच्या जोडाशी नक्षी एकदम तुटते. माझ्या पहिल्या फिगरवर मी एक सुंदर तपकिरी पट्टा छातीवरून खिशावर आणि तिथून थेट बाहीवर नेला होता. तो सैनिक कपडे घातलेला न दिसता रंगाच्या बादलीत बुडवून काढल्यासारखा दिसत होता. आता मी प्रत्येक खिसा आणि प्रत्येक बाही स्वतंत्र कापड समजून रंगवतो. शिवाय स्मॉक आणि पँट एकाच दिवशी मिळालेल्या आणि तितक्याच वेळा धुतलेल्या असतील असे नाही, म्हणून चारपैकी एखाद्या फिगरची पँट जरा विटकी ठेवावी.

छायाप्रकाशाचे काम नक्षीनंतरच करावे. आपण आधी चुण्या उजळवल्या आणि मग त्यांवर नक्षी काढली, त्यामुळे सारी मेहनत झाकली गेली. नक्षी पूर्ण वाळल्यावर तपकिरी-हिरव्या रंगाचा अतिशय पातळ, पाण्यासारखा हात सर्वत्र फिरवावा. चारही रंग त्याने एकमेकांत बसतात. मग खोल चुण्यांत गडद तपकिरी भरावा, आणि उजळ कडा फक्त खांदे, कोपर व गुडघ्यांवर द्याव्यात. उजळवण्यासाठी पांढरा न मिसळता तळाचा वाळूरंगच मिसळावा. नक्षीत मुळातच गडद-फिक्याचा इतका विरोध असतो की त्यावर ठळक छायाप्रकाश चढवला तर नजर कुठेच ठरत नाही.

नजरेला विसावा देण्याचे काम साध्या रंगाच्या वस्तू करतात. १९५८ पॅटर्न या नमुन्याचे सामान अडकवायचे पट्टे व पाउच सपाट ऑलिव्ह हिरवे होते, बूट काळे. त्यांच्यावर नक्षीचा मोह आवरावा. डेनिसनचे तपशील या फिगरवर आणू नयेत. तोवर पॅरा पलटणींच्या अंगावर डीपीएमचा स्मॉक आला होता. वाळवंटी छटा किंवा २०१० मध्ये आलेला एमटीपी (मल्टी-टेरेन पॅटर्न) हा नवा नमुना यांचे संदर्भचित्र समोर ठेवून काम करणेही टाळावे. त्यांच्या रंगांचा मेळ वेगळा आहे.

मातीविषयी एक सूचना. फॉकलंडमधील गूज ग्रीन किंवा माउंट लाँगडन या रणभूमींच्या परिसरातील जमीन म्हणजे ओलसर पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती) आणि पिवळट गवत. त्यामुळे गुडघे, कोपर आणि बूट यांवर आपल्याकडची तांबूस धूळ चढवू नये. काळपट तपकिरी, ओली वाटणारी माती हवी, आणि तीही नक्षी दिसेनाशी होईल इतकी नको.

पाठीवरचा बोजा आणि पाउच सध्या चिकटवू नका. प्रत्येक फिगरची सुरुवात पाठीपासून करा. हात बसेपर्यंत झालेल्या चुका नंतर त्याखाली झाकल्या जातील.